नातेवाईकांचा नकार

४ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' नाही आणि नमस्कारही नाही. राहून गेलेलं नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. हेडमास्तर झाल्यापासून ती सवय तुला जास्तच लागली आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी आर्किटेक्टसाहेबांच्या ऑफिसात तयार नकाशे द्यायला गेले होते. तिसरा मजला. दुसऱ्याच मजल्यावर धाप लागली ती थांबेना. पायरीवर बसले. छातीत नुसती धडधड, आणि तीही बेताल. ऑफिसातल्या दोघांनी मला खुर्चीत बसवून खाली आणलं आणि थेट इस्पितळात नेलं. वरच्या घरातल्या शिंपीणकाकू आठ दिवस माझ्याजवळ राहिल्या. तुला कळवू नका असं मीच त्यांना सांगितलं. तेव्हा कारण एवढंच होतं, की दादाच्या जिवाला उगाच घोर नको.

आता पुढचं ऐक. इथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी मला माझं हृदय पडद्यावर दाखवलं. अकराव्या वर्षी घसा धरून ताप आला, गुडघे सुजले, त्या तापाने डावीकडची झडप खराब केली, एवढं मला माहीत होतंच. त्या झडपेच्या पाकळ्या कडेने चिकटत गेल्या आहेत आणि रक्ताला जायला जेमतेम फट उरली आहे. मागे रक्त तुंबून एक गुठळीही झाली आहे. बाईंनी विचारलं, "ही झडप फुग्याने उघडून घ्या, असं तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "फुग्याने म्हणजे?"

त्यांनी समजावलं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा, चिकटलेल्या कडा सुटतात. छाती उघडायची नाही. तीन दिवसांत माणूस घरी. मी म्हटलं, मला तर पहिल्यापासून फक्त गोळ्या, आणि चाळिशीपर्यंत दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, एवढंच सांगितलं गेलंय, आणि गावातले डॉक्टरही तेच लिहून देत आले. त्या म्हणाल्या, "तुमचे जुने कागद मागवा."

मागवले. जुन्या इस्पितळाच्या तळघरातून तीन पानं निघाली. दुसऱ्या पानावर काय आहे ते जसंच्या तसं उतरवते. "फुग्याने झडप रुंद करण्याचा सल्ला दिला. झडप मऊ, या उपचारास अतिशय योग्य. नातेवाईकांचा (भाऊ) नकार. रुग्णास सांगू नये अशी नातेवाईकांची विनंती." खाली तुझी सही.

मला तो दिवस आठवतो. मी बाहेर बाकावर बसले होते. तू आतून आलास आणि म्हणालास, "चिमणे, गोळ्या चालू ठेवायच्या. चालायचं-चढायचं काम तुला झेपणार नाही. नोकरीचं डोक्यातून काढून टाक." सर्व्हे ऑफिसात रुजू व्हायला माझे अकरा दिवस उरले होते. सर्व्हेच्या कोर्सला एकतीस जणांच्या वर्गात मी एकटी मुलगी होते आणि मोजणीत पहिली आले होते. मी रडले नाही. उलट तुलाच वाईट वाटत असेल म्हणून म्हटलं, चल, चहा घेऊ. पुढच्या महिन्यात तू मला नकाशे काढायचं टेबल आणून दिलंस, आणि मी गावभर सांगत सुटले की असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

त्या खोलीत डॉक्टर तुला काय म्हणाले आणि तू त्यांना काय म्हणालास, तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

बहीण


१३ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी आणि मी सुन्न झालो. एवढं मोठं दुखणं झालं आणि तू आम्हाला परक्यासारखं बाजूला ठेवलंस, याचं वाईट वाटलं. असो. तू आजारी आहेस, म्हणून पत्राचा सूर मी मनावर घेत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी कोण काय म्हणालं हे शब्दशः कुणाच्या लक्षात राहतं? पण त्या वेळची परिस्थिती तू विसरलीस. तो फुगा तेव्हा नवा होता. डॉक्टरांना हात बसवायला माणसं हवीच असतात. शंभरात एखादा दगावतो, हे ते स्वतः म्हणाले. बाबांना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्यांनाही 'साधं ऑपरेशन' म्हणूनच आत नेलं होतं, आणि बाहेर आणलं ते चादरीखाली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

शिवाय निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. आईचीच तशी इच्छा होती. पोरीच्या हृदयाला कुणी हात लावायचा नाही, असं तिने मला बजावलं होतं. ती आता नाही, तेव्हा या विषयावर जास्त लिहिणं बरं दिसत नाही.

जे केलं ते तुझ्या काळजीपोटी केलं. आता फुगा म्हणतात तर फुगा. सही करायला घरातलं जबाबदार माणूस लागेल. तारीख कळव, मी रजा टाकून येतो. तोवर मन शांत ठेव.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

सहीचं राहू दे. आधी तिसरं पान बघू. पहिल्या पत्रात मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. तू आपण होऊन सांगतोस का, ते बघत होते.

दुसऱ्या पानानंतर चौदा महिन्यांनी: "रुग्णाच्या भावास पत्र पाठवून बोलावून घेतले. उपचार लांबवू नये असे पुन्हा समजावले. नकार." पुन्हा तुझी सही. ज्याला नुसता हात बसवायचा असतो तो डॉक्टर चौदा महिन्यांनी एका पेशंटसाठी पत्र पाठवून बोलावत नाही.

त्या दुसऱ्या तारखेला आईला अर्धांगवायू होऊन चार महिने झाले होते. पुढे अकरा वर्षं ती पलंगावर होती. तिला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, अंघोळ घालायची, अंगाखालची चादर बदलायची. आई काही काडीपैलवान नव्हती, तुला माहीत आहे. दर वेळी मला धाप लागायची. पलंगाची कड धरून उभी राहायची, श्वास जागेवर आला की पुन्हा उचलायची. नोकरीसाठी माझं हृदय नाजूक होतं, आईला उचलायला नव्हतं. तू सुट्टीत यायचास आणि पाहुण्यांना सांगायचास, चिमणीने आईला फुलासारखं जपलंय.

आणि आईची इच्छा होती हे वाचून मला दोन दिवस अन्न गेलं नाही. जिचं सगळं मी केलं, तिला हे माहीत होतं? माहीत असून ती माझ्याकडून करून घेत होती? शेवटच्या वर्षात तिला बोलता येत नव्हतं, नुसती माझा हात धरून ठेवायची. त्या हात धरण्याचा अर्थ मी आता कसा लावू?

इथली परिस्थिती सांगते. गुठळी विरघळल्याशिवाय फुगा आत नेता येत नाही, ती सुटून मेंदूत गेली तर संपलंच. म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. दर आठवड्याला रक्त तपासायला द्यायला जाते. रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर नुसतं दात घासताना रक्त. पालेभाजी रोज सारखीच खायची, मीठ चिमटीत मावेल एवढंच, सकाळी उठल्यावर वजन. अंगात पाणी साठू नये म्हणून एक गोळी, ठोके आवरायला दुसरी. टेबलावर बसून अर्धा दिवस काम करते. इतरांनी चालून मोजलेल्या टेकड्या कागदावर काढते.

तू येऊ नकोस. आणि चिमणी म्हणू नकोस. सत्तेचाळीस वर्षांची आहे मी.

बहीण


१७ मार्च

वन्सं,

हे पत्र मी तुमच्या दादांना न विचारता लिहिते आहे आणि स्वतः पोस्टात टाकणार आहे. तुमचं दुसरं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ते शाळेतून येतात, वर्तमानपत्र उघडून बसतात, पान काही उलटत नाहीत. तुम्हाला उत्तर पाठवत नाहीत, म्हणून मी पाठवते.

सासूबाईंना यातलं काहीही माहीत नव्हतं. फुग्याचं त्यांच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं. त्यांनी बजावलं वगैरे सगळं खोटं आहे. तुम्ही त्यांच्याबद्दल मनात काही आणू नका.

पहिल्या वेळी हे खरोखर घाबरले होते. त्या दिवशी इस्पितळातून घरी येऊन त्यांना उलटी झाली होती, मी बघितलं आहे. मामंजींचं सगळं डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्या वेळचं मात्र तसं नव्हतं. इस्पितळाचं पत्र आमच्या पत्त्यावर आलं आणि ते मीच उघडलं. मी म्हटलं, आता तरी करून टाका. हे म्हणाले, "ती बरी झाली की नोकरीला जाईल. मग आईला कोण बघणार? तू?"

मी गप्प बसले. माझी दोन्ही मुलं लहान होती आणि मी नुकतीच नोकरीत कायम झाले होते. 'हो, मी बघते' एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी हे एकटेच इस्पितळात जाऊन आले.

पुढे दर सुट्टीत आम्ही यायचो. तुम्ही धापा टाकत आमचं सगळं करायचात आणि मी दुसरीकडे बघायची. तुम्हाला वाटायचं, वहिनी शिष्ट आहे. एकदा तुम्ही हसत तसं म्हणालाही होतात. मी शिष्ट नव्हते, वन्सं. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. पण सासूबाईंवर बालंट नको, म्हणून लिहिलं.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

आईचं कळवलंत त्याबद्दल आभार. बाकीच्याबद्दल आभार नाहीत.

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मी निवळेन, असं मनात असेल तर काढून टाका. पंचवीस वर्षांनी खरं बोलायला काही लागत नाही. तेव्हा बोलायला लागत होतं, आणि तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून माझं आयुष्य परस्पर वाटून घेतलंत. तुम्हाला तुमची नोकरी, त्याला त्याची शाळा, मला आई.

एक गोष्ट मला कळत नाही. बरी झाले असते तर मी आईला टाकून गेले असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कदाचित राहिले असते. कदाचित बाई ठेवली असती आणि संध्याकाळी घरी आले असते. कदाचित खरंच गेले असते, आणि मग तुम्हाला तुमचं बघावं लागलं असतं. मी काय केलं असतं हे आता मलाही कधी कळायचं नाही. तेवढंसुद्धा तुम्ही माझ्यापाशी ठेवलं नाहीत.

दादाला हे पत्र दाखवा. त्याला सांगा, त्याच्या दोन सह्यांपेक्षा तो मेलेल्या आईच्या पदराआड लपला, हे मला जास्त लागलं. दोन दिवस मी आईच्या फोटोकडे पाठ करून बसले होते.

नणंद


९ एप्रिल

ताई,

तुला असं पहिल्यांदाच लिहितो आहे. दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही.

आईचं खोटं होतं. ते लिहिताना मला वाटलं, तिला आता काय फरक पडतो. तुला पडेल, हा विचारच मनात आला नाही. हे वाचून तुला माझी चीड येईल. येऊ दे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, "हा उपचार हिच्यासाठीच आहे असं समजा." मी म्हटलं, "नको. आमच्या घरात एक गेलाय." ती भीती होती आणि ती खरी होती, तेवढं मान. दुसऱ्यांदा त्यांनी मला तासभर बसवून घेतलं. आकृती काढून दाखवली. तोवर त्यांनी तिथेच पुष्कळ झडपा उघडल्या होत्या आणि बरी झालेली एक बाई त्यांनी मुद्दाम बोलावून मला भेटवली. भीती वाटायला काही जागा उरली नव्हती. मी त्या बाईकडे बघत होतो आणि मनात एकच होतं, की तू घरी आहेस म्हणून माझं घर चाललंय. याला सोय म्हणतात. मुलांना मी निबंधात नेमका शब्द वापरायला शिकवतो, आणि हा एक शब्द लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

आई गेली तेव्हा सांगणार होतो. तू चौतीस वर्षांची होतीस. पण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आजवर का नाही सांगितलंस? त्या एका प्रश्नाला भिऊन मी आणखी तेरा वर्षं काढली.

मला येऊ दे. निदान या वेळी योग्य जागी सही करू दे.

दादा


२ जून

दादा,

उत्तर द्यायला दोन महिने लागले. गुठळीचं काय ते कळेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या वेळची भीती मी मानली. दुसऱ्या वेळची सोयही समजली. समजली म्हणजे पटली नव्हे. शेवटच्या तेरा वर्षांना मात्र तुझ्याकडेही नाव नाही. आई गेली होती. कुणाला उचलायचं नव्हतं, कुणाची नोकरी जाणार नव्हती. नुसतं तोंड उघडायचं होतं. चौतिसाव्या वर्षी माझी झडप अजून मऊ होती. मी बाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक होती." त्या तेरा वर्षांत तिच्या कडांवर कॅल्शियमचा चुना धरला.

परवा घशातून नळी घालून आत बघितलं. गुठळी गेली आहे. बाई म्हणतात, चुन्यामुळे आता फुगा यशस्वी होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. पाकळी फाटली तर तिथल्या तिथे छाती उघडावी लागेल. एकदम ऑपरेशनच करायचं का, असंही त्यांनी विचारलं. दोन्ही बाजू सांगितल्या आणि बाहेर कुणाशी बोलायचंय का म्हणाल्या. मी म्हटलं, "मी इथेच आहे की. माझ्याशीच बोला." फुगा आधी करायचा, हे मी ठरवलं. सोळा तारखेला आहे.

सहीचंही विचारलं. सज्ञान माणसाची सही त्याची स्वतःचीच लागते, दादा. तेव्हाही माझीच लागत होती.

येऊ नकोस. शिंपीणकाकू आहेत.

बहीण


२२ जून

ताई,

शिंपीणकाकूंना फोन केला होता. सगळं नीट पार पडलं, तू घरी आलीस, दोन जिने चढलीस असं त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि मी वर्गात जाऊ शकलो नाही, खोलीचं दार लावून बसलो.

आता एकच मागणं आहे. झालं गेलं ते आपण मागे टाकू. मी चुकलो, कबूल केलं. तू राग धरून बसू नकोस. रागाचा ताण हृदयावर येतो, आणि तुझं हृदय आत्ता कुठे सावरतंय. माझ्यासाठी नको, तुझ्या प्रकृतीसाठी सोड.

दादा


३ जुलै

दादा,

तुझं वाक्य मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी मिठावर बंदी घातली आहे, रागावर नाही."

काय झालं ते माझ्याकडून ऐक, काकूंकडून अर्धंमुर्धं नको. मी जागी होते. जांघेत बधिर केलं होतं. खोली गार होती आणि पडदा माझ्या डाव्या हाताला होता. फुगा झडपेत गेला तेव्हा मधोमध चिमटला गेला, दोन्ही बाजूंनी फुगलेला आणि मध्ये बारीक. तो चिमटा म्हणजे माझी झडप. बाईंनी आणखी फुगवला. दोन ठोके चुकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तो मधला चिमटा सुटला. कुणीतरी दाबाचा आकडा वाचला. बाईंनी मास्कच्या आतून एवढंच म्हटलं, "उघडली." मला वाटलं होतं, त्या क्षणी आनंद होईल. मला भयंकर राग आला. एवढंच होतं? पाऊण तास? याच्यासाठी मी पंचवीस वर्षं घरात बसले?

फट जवळजवळ दुप्पट झाली आहे. थोडी गळती आहे, ती चालेल म्हणतात. पण बेताल ठोके जायचे नाहीत, रक्त पातळ करायची गोळी आणि ती तपासणी जन्मभर. ही झडप पाच-सात वर्षं रेटेल, मग बहुधा ऑपरेशन. मऊ असताना उघडली असती तर आजवर आणि पुढेही तिने साथ दिली असती. सर्व्हे ऑफिस मला आता घेणार नाही. लग्न, मूल यांतलं काही करायचं की नाही, हेही मी कधी ठरवलं नाही. तुम्ही 'नाजूक आहे' म्हणालात आणि विषय संपला. तेव्हा मागे टाकायचं ते काय काय टाकायचं, याचा आधी तूच विचार कर.

आणि रागाचं म्हणशील तर तुला एक गोष्ट माहीत नाही. मला लहानपणापासून राग यायचा. पण बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्याला धाप लागायची, तिसरं वाक्य तोंडातच राहायचं. तुम्ही सगळे म्हणायचात, पोरगी किती सोशिक आहे. मी सोशिक नव्हते, दादा. मला दम पुरत नव्हता.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी तिकडे येते आहे. घ्यायला येऊ नकोस, माझी मी येईन. वहिनींना घरी राहायला सांग. मुलं येऊ शकत असतील तर त्यांनाही बोलाव, त्यांनाही कळू दे आत्याला काय झालं होतं ते. मी माफ करायला येत नाही, भांडायला येते आहे. काही पाहुणचार करू नका. बसायला एक खुर्ची ठेव. मला खूप बोलायचं आहे, आणि आता मी न थांबता बोलू शकते.

बहीण